नवीन आयकार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि तालुक्यांच्या गावांतल्या आपल्या रुग्णालयाच्या केंद्रांवर काम करणाऱ्या सगळ्यांची जुनी आयकार्डं जाऊन नवीन येत आहेत. काउंटरवर, फोनवर आणि कॅन्टीनच्या रांगेत लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं लिहिणारी मी कार्ड छापायच्या टेबलावरच बसते. त्यामुळे काही ठिकाणी नियमासोबत माझं मतही आलं आहे आणि ते मी काढलेलं नाही.

माझं जुनं कार्ड चांगलं चालतंय. मग बदलायचं कशाला?

कारणं दोन आहेत. पहिलं दारांचं. जुनी कार्डं १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारी आहेत. त्यांच्यात फक्त एक ठरलेला नंबर असतो आणि जवळ येईल त्या कुठल्याही रीडरला, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्राला, कार्ड तो सांगून टाकतं. असा नंबर उतरवून दुसरं कार्ड बनवणारं यंत्र आज ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आपल्याकडे याच कार्डांवर ओटी (ऑपरेशनची खोली), आयसीयू, नवजात बाळांचा विभाग, रेकॉर्ड रूम आणि मॉर्फिनसारखी औषधं ठेवलेली खोली उघडते. नवीन कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झची आहेत. रीडर प्रत्येक वेळी नवा प्रश्न विचारतो आणि कार्डातली चिप आतली किल्ली वापरून त्याचं उत्तर देते. ती किल्ली बाहेर येत नाही, म्हणून नुसतं एकदाचं बोलणं ऐकून कार्डाची नक्कल होत नाही.

दुसरं कारण माझ्या दृष्टीनं मोठं आहे. जुनं कार्ड रुग्णाला वाचताच येत नाही. एकदा सकाळी एक आजी काउंटरवर आल्या होत्या. जतकडच्या असाव्यात. रात्री मुलाला अपघातानंतर आणलं होतं. त्यांनी विचारलं, "बाई, रातच्याला चौघं येऊन गेली, त्यातलं डॉक्टर कोण हुतं?" त्या चौघांच्याही गळ्यात कार्ड होतं. अक्षरं बारीक, सगळी इंग्रजीत, आणि गोल दोरीवर कार्ड उलटं फिरलेलं. ज्या बाईचा मुलगा आत पडलाय, तिला कोणाशी बोलायचं हेही कळू नये, यात चूक आपली आहे. नवीन कार्डाची रचना करताना त्या आजी माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

नवीन कार्डावर काय काय असेल?

पुढच्या बाजूला मोठा फोटो, त्याखाली ठळक अक्षरात पहिलं नाव, आणि त्याखाली हुद्दा मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. कडेला विभागाच्या रंगाची पट्टी. पाठीमागे पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक आणि कार्ड सापडल्यास परत करण्याचा संस्थेचा पत्ता. डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफचा कौन्सिलचा (त्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांकही मागेच. पुढची आणि मागची बाजू वेगळी असली, तरी हुद्दा दोन्हीकडे छापला आहे, म्हणजे कार्ड फिरलं तरी अडणार नाही.

आधार क्रमांक, मोबाइल नंबर, घरचा पत्ता आणि जन्मतारीख कुठेही छापणार नाही. जुन्या कार्डांवर पत्ता होता तो काढून टाकला आहे. कामाला लागते तेवढीच माहिती घ्यावी, हीच दिशा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेही दिली आहे. आणि कायदा नसता तरी रस्त्यात पडलेल्या कार्डावर नर्सच्या घरचा पत्ता असणं मला पटलं नसतं.

कन्नड कशासाठी? आपण महाराष्ट्रात आहोत.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून मिरज हे उपचाराचं गाव आहे, आणि अथणी, चिकोडी, विजापूरकडची माणसं रेल्वेनं, एसटीनं इथे येतात. ओपीडीत तासभर बसून बघा, किती जण कन्नडमध्ये बोलतात. मराठी सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठीच आहे. कन्नडची ती एक ओळ आपल्या रुग्णांसाठी आहे.

पुढच्या बाजूला आडनाव का नाही?

हा प्रश्न काही ज्येष्ठ डॉक्टरांनी नाराजीनं विचारला, म्हणून सविस्तर लिहिते.

ही मागणी नर्सिंगच्या मुलींकडून आली. कार्डावरचं पूर्ण नाव वाचून रुग्णाचे नातेवाईक किंवा त्यांच्यासोबत आलेली पोरं फेसबुक-इन्स्टावर शोधतात, मेसेज टाकतात, एक-दोघींच्या तर हॉस्टेलपर्यंत गेले. त्यामुळे काही जणी कार्ड अ‍ॅप्रनच्या आत सरकवून ठेवायच्या. ओळख दाखवण्यासाठी दिलेली वस्तू सुरक्षिततेसाठी लपवावी लागत असेल, तर ती रचना बदलायलाच हवी होती.

दुसरंही आहे. आपल्याकडे आडनाव वाचलं की समोरचा माणूस मनात काहीतरी जोखून मोकळा होतो. खाटेजवळ त्याची गरज नाही. रुग्णाला कळायला हवं ते एवढंच, की या शुभांगी सिस्टर आहेत आणि सलाईनचं यांना विचारायचं.

डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असतोच. कोणी पूर्ण नाव विचारलं, तर कार्ड उलटून दाखवायचं. तक्रार करायची असेल तर पहिलं नाव, हुद्दा आणि वॉर्ड एवढ्यावर आम्ही व्यक्ती शोधून काढू शकतो.

रक्तगट टाकता येईल का? आधीच्या कार्डावर होता.

नाही. कार्डावर वाचून कोणीही रक्त चढवत नाही. रक्तपेढी दर वेळी नमुना घेऊन गट तपासते आणि क्रॉसमॅच करते, म्हणजे दोन्ही रक्तं जुळतात का ते बघते. म्हणजे छापलेल्या गटाचा उपयोग काहीच नाही, आणि फॉर्ममध्ये चुकून भलताच गट लिहिला गेला तर गोंधळ मात्र होतो. जुनी कार्डं तपासताना अशा चुका आम्हाला सापडल्या आहेत.

रंगांचा अर्थ काय?

डॉक्टर निळा, नर्सिंग हिरवा, तंत्रज्ञ आणि फार्मसी केशरी, कार्यालय राखाडी, वॉर्डातली मदत आणि स्वच्छता जांभळा, विद्यार्थी आणि इंटर्न पिवळा. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी आणि ओपीडीत याचा तक्ता लावला आहे. पण केवळ रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा न ओळखता येणारी माणसं असतात. हुद्दा शब्दांत छापलाय तो म्हणूनच.

गुलाबी पट्टी कोणाला?

फक्त बाळंतिणींचा वॉर्ड, लेबर रूम आणि नवजात विभागात नेमलेल्यांना. ही पट्टी विभागाच्या रंगाशिवाय जादा असते. नवजात बाळ पळवल्याच्या बातम्या आपण वाचतो. कित्येकदा कोणीतरी अ‍ॅप्रन घालून येतं, "लस द्यायचीय, द्या बाळ" म्हणतं आणि आई विश्वासानं देते. आता दाखल होतानाच आईला आणि तिच्याजवळ बसणाऱ्या बाईला सांगायचं आहे: गुलाबी पट्टी आणि चेहऱ्याशी जुळणारा फोटो, दोन्ही बघितल्याशिवाय बाळ कोणाच्या हातात द्यायचं नाही. मोठ्या डॉक्टरांच्याही नाही. एखाद्या आईनं तुम्हाला असं अडवलं तर रागावू नका, शांतपणे कार्ड पुढे करा. त्या वॉर्डातून बदली झाली की त्याच दिवशी गुलाबी पट्टीचं कार्ड जमा करून साधं घ्यायचं, यात सवलत नाही.

मी ठेकेदाराकडून आहे. मला कार्ड मिळणार का? पैसे कापणार का?

मिळणार, आणि पैसे कापायचे नाहीत. ठेकेदारानं पगारातून कार्डाचे पैसे कापले तर सरळ काउंटरवर येऊन सांगा.

आतापर्यंत सफाई, सुरक्षा आणि कॅन्टीनच्या लोकांना ठेकेदाराचा कागदी पास असायचा, लॅमिनेशन केलेला. वर ठेकेदाराचं नाव मोठं आणि माणसाचं पेनानं लिहिलेलं. घामानं आणि फिनेलच्या पाण्यानं महिन्यात पुसून जायचं. आता सगळ्यांचं कार्ड एकच आहे: तेच प्लास्टिक, तोच आकार, तेवढाच मोठा फोटो. ठेकेदाराचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात. रात्री दोन वाजता रुग्णाला बेडपॅन देणारी बाई कोण आहे, हे जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि त्या बाईला स्वतःच्या नावाचा.

आम्हाला सगळे मावशी नाहीतर मामाच म्हणतात. कार्डावर काय येईल?

तुमचं नाव येईल, आणि हुद्दा "रुग्ण सहायक". मावशी आणि मामा ही हाक प्रेमाची आहे, ती बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण एकाच मजल्यावर सहा मावशी असतात. "मावशींना सांगितलं होतं" यावर कोणाला काही शोधता येत नाही आणि चांगल्या कामाचं कौतुकही कोणाच्या नावावर पडत नाही. कार्डासाठी नाव विचारलं तेव्हा एक मावशी क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "इंदूबाई लिवा. हितं कुणी इचारलंच न्हाय कदी."

फोटो कसा काढणार?

काउंटरवरच, पांढऱ्या पडद्यासमोर. घरून आणलेला किंवा मोबाइलवर गोरा केलेला फोटो चालणार नाही. डोक्यावर पदर, ओढणी, हिजाब, फेटा, टोपी काहीही असू द्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसला पाहिजे. रोज चष्मा लावत असाल तर लावूनच या. मास्क खाली. कोविडमध्ये पीपीईच्या आत कोण आहे हे आपल्यालाच ओळखू येत नव्हतं, पाठीवर मार्करनं नावं लिहायला लागायची. फोटो मोठा ठेवण्यामागे ती आठवणही आहे.

नावाच्या स्पेलिंगचं काय?

छापण्याआधी प्रूफ दाखवतो. घाईत सही करू नका. मगदूम की मगदुम, शिकलगार की शिकलगर, पाटील की पाटिल, हे तुम्हीच सांगायचं. आम्ही अंदाज करणार नाही. इंग्रजी स्पेलिंग कौन्सिलच्या नोंदणीत किंवा पगाराच्या रेकॉर्डला आहे तेच राहील.

लग्नानंतर नाव बदललेल्यांसाठी: पुढच्या बाजूला पहिलंच नाव असल्यामुळे बहुतेकींना अडचण नाही. मागच्या बाजूचं नाव नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे. आधी कौन्सिलकडे नाव बदलून घ्या, मग इकडे या. उलट्या क्रमानं केलंत तर दोन कागदांवर दोन नावं राहतात आणि त्रास तुम्हालाच होतो.

माझी नाइट असते. कार्ड घ्यायला दिवसा यायचं का?

नाही. झोप मोडून येऊ नका. नाइटवाल्यांसाठी संध्याकाळी हँडओव्हरच्या आधी आणि सकाळी सुटल्यावर काउंटर उघडा ठेवला आहे. जत, आटपाडी, विटा, तासगावच्या केंद्रांवर आम्हीच कॅमेरा आणि प्रिंटर घेऊन येऊ. त्या दिवशी रजेवर असाल तर केंद्रप्रमुखांकडे नाव देऊन ठेवा.

जुनं कार्ड नवीन मिळाल्याबरोबर बंद होईल?

लगेच नाही. सगळे रीडर एका दिवसात बदलत नाहीत. काही दारांवर नवीन बसलेत, काहींवर जुनेच आहेत. तुमच्या इमारतीतले सगळे रीडर होईपर्यंत दोन्ही कार्डं जवळ ठेवा, पण एकाच होल्डरमध्ये ठेवू नका. दोन कार्डं एकावर एक आली की रीडर कधी वाचतो, कधी नाही. अंगावर नवीन, खिशात जुनं. इमारतीचं काम संपल्याची नोटीस लागली की जुनं बंद.

क्लिप की दोरी?

वॉर्डात क्लिपच. छातीच्या खिशाला किंवा कॉलरजवळ लावा. गळ्यातली दोरी रुग्णावर वाकताना जखमेला, ड्रेसिंगच्या ट्रेला, अंथरुणाला लागते आणि तीच दुसऱ्या खाटेपर्यंत जाते. हात आपण वीस वेळा धुतो, दोरी महिना महिना धुतली जात नाही. शिवाय गोंधळलेला किंवा चिडलेला रुग्ण दोरी धरून ओढू शकतो. कार्यालय, बिलिंग आणि स्टोअरसाठी दोरी चालेल, तीही मागे जोड असलेली. जोरात ओढलं की तो जोड सुटतो. बाजारातली साधी दोरी लावू नका. त्यावर देवाची, नेत्याची किंवा औषध कंपनीची जाहिरातही नको.

कार्ड कसं पुसायचं?

ड्युटी संपताना ७० टक्के अल्कोहोलचा वाइप दोन्ही बाजूंनी. जुन्या कार्डांवर अल्कोहोल लागलं की फोटोच पुसट व्हायचा, म्हणून नवीन कार्डांवर पारदर्शक थर दिला आहे. पाण्यात बुडवून ठेवू नका, हायपोक्लोराइट (ब्लीच) वापरू नका. आणि अ‍ॅप्रन लाँड्रीत टाकायच्या आधी कार्ड काढा. हे मी हात जोडून सांगते. लाँड्रीतून गरम पाण्यात वाकलेली कार्डं आमच्याकडे नेहमी परत येतात.

मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तरी हेच होतं. सांगलीचं ऊन माहीत आहेच.

कार्डाला भोक पाडून किल्लीच्या रिंगला अडकवलं तर?

पाडू नका. कार्डाच्या आत कडेनं तांब्याची बारीक तार गोल फिरवलेली असते, तीच अँटेना. या कार्डांना बॅटरी नसते. रीडरजवळ धरल्यावर त्या तारेतूनच चिपला वीज मिळते. पंचिंग मशीननं भोक पाडलं आणि तार तुटली की वरून कार्ड नवंकोरं दिसतं, पण दार उघडत नाही. होल्डर फुकट मिळतो, तो मागून घ्या.

एमआरआयमध्ये जाताना?

कार्ड, क्लिप, कार्ड अडकवायची ताणणारी रीळ, सगळं बाहेरच्या ट्रेमध्ये. प्रश्न कार्डाचा नाही. क्लिप आणि रिळीतली स्प्रिंग लोखंडाची असते, आणि एमआरआयचा चुंबक चोवीस तास चालू असतो, तपासणी नसतानाही. लोखंडाची वस्तू गोळीसारखी आत ओढली जाते आणि आत माणूस झोपलेला असतो. रात्री घाईत ऑक्सिजन द्यायला धावताना हे विसरायला होतं. दाराशी उभा असलेला तंत्रज्ञ थांबवेल, तेव्हा वाद घालू नका.

ओटीत?

कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत कार्ड लागतं. आत निर्जंतुक गाऊन चढवणाऱ्यांनी ते लॉकरमध्ये ठेवायचं. बाकीच्यांनी प्लास्टिकच्या पाउचमध्ये घालून कमरेच्या वर क्लिप करायचं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, कार्ड घालू नका. १२१ अंशांत ते मऊ पडून वेडंवाकडं होतं.

या कार्डानं मी कुठे फिरते हे कळतं का?

नाही. कार्ड रीडरपासून काही सेंटिमीटरवरच वाचलं जातं. नोंद होते ती फक्त हजेरीच्या मशीनवर आणि कुलूपबंद दारांवर. चहाला किती वेळ गेलात, कोणाशी बोलत उभे होतात, यातलं काही कार्डाला कळत नाही. दारांची नोंद एखादी घटना घडली तरच, लेखी परवानगीनं बघितली जाते.

हजेरीला थम्ब (अंगठ्याचा ठसा) चालू राहणार का?

कार्डानंच पंच करा. सफाई आणि सीएसएसडीच्या (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या) कितीतरी लोकांचे ठसे मशीन घेतच नाही, कारण ब्लीच आणि सततच्या धुण्यानं बोटं घासून गेलेली असतात. काम केल्यामुळेच ज्यांची बोटं झिजली, त्यांचीच गैरहजेरी लागत होती. हे आधीच थांबायला हवं होतं.

दुसऱ्याचं कार्ड पंच करणं मात्र गंभीर धरलं जाईल, मैत्रिणीसाठी केलं असलं तरी.

कार्ड हरवलं तर?

आधी फोन, मग शोध. रात्री असेल तर सुरक्षा नियंत्रण कक्षाला कळवा, ते लगेच कार्ड बंद करतात. सापडलं तर दुसऱ्या मिनिटाला चालू करता येतं. पोलिसात तक्रार लागत नाही. वर्षातलं पहिलं डुप्लिकेट फुकट आहे. मुद्दाम तसं ठेवलंय, कारण दंडाच्या भीतीनं लोक आठ-आठ दिवस सांगत नाहीत आणि तेवढे दिवस ते कार्ड कोणाच्या तरी हातात चालू असतं.

पुरात गेलं तर?

त्याचा हिशोब ठेवणार नाही, कितीही वेळा गेलं तरी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. तेव्हा सांगलवाडी, हरिपूर, गावभागात राहणाऱ्या आपल्या माणसांची घरंच्या घरं पाण्यात होती. तिथे कार्डाचं कोण विचारतं?

पण एक करून ठेवा. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागलं की कार्ड घरी कपाटात ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर ठेवा. रस्ते बंद होतात, बंदोबस्त लागतो, आणि रुग्णालयाच्या ड्युटीवर निघालोय हे पोलिसांना दाखवायला तेच उपयोगी पडतं. कार्डावर "आपत्कालीन सेवा" ही ओळ त्यासाठीच छापली आहे.

"नवीन आयकार्डासाठी ओटीपी सांगा" असा फोन आला होता.

फसवणूक आहे. कार्डासाठी ओटीपी, बँक खातं, आधारचा फोटो यातलं काहीही फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलं जात नाही. नंबर लिहून घ्या आणि आयटी विभागाला द्या. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

जुन्या कार्डाचं काय करायचं?

काउंटरवरच्या कुलूपबंद पेटीत टाका. घरी कापून कचऱ्यात टाकू नका, नुसतं कापलं तरी चिप शाबूत राहू शकते. आमच्याकडे चिपमधून भोक पाडून मगच ती पुढे जातात. लाल-पिवळ्या पिशव्यांत तर अजिबात नको, त्या जैविक कचऱ्याच्या आहेत.

जुनं कार्ड आठवण म्हणून ठेवता येईल का?

येईल. हा प्रश्न एवढे लोक विचारतील असं वाटलं नव्हतं. निवृत्तीला आलेले, किंवा ज्यांच्या जुन्या कार्डावर रुजू झाले त्या दिवसाचा फोटो आहे, त्यांनी काउंटरवर सांगा. चिपवर भोक पाडून, नोंद करून कार्ड तुम्हाला परत देतो. परवा एक ब्रदर (पुरुष नर्स) आपलं कार्ड घेऊन गेले. फोटोत दाट काळे केस, मिशी नुकती फुटलेली. भोक पाडताना म्हणाले, "जरा खाली पाडा मॅडम, चेहऱ्यावर नको." चिप खालच्याच कोपऱ्यात होती. तिथेच पाडलं.